फाउल कुठे जातोय ते बघा: एका तेरा वर्षांच्या बॅटरची केस

नावं आणि थोडेफार तपशील बदललेत, पोराच्या आईबाबांना विचारूनच लिहितोय. पोराला आपण सोन्या म्हणू. मी त्याच्या बेसबॉल टीमचा स्कोअरकीपर होतो, कोच नव्हे, त्यामुळे हे सगळं डगआउटच्या, म्हणजे खेळाडूंच्या बाकड्याच्या, कोपऱ्यात मांडीवर स्कोअरबुक घेऊन बसलेल्या माणसाच्या नजरेतून आहे. कोचला विचारलंत तर तो कदाचित वेगळं सांगेल.

पार्श्वभूमी

जागा न्यू जर्सी, गावची साधी रेक लीग, म्हणजे हौशी पोरांची. सोन्या सहा वर्षांचा असल्यापासून माझ्या मुलाबरोबर खेळतो. बारा वर्षांचा असताना तिसऱ्या-चौथ्या नंबरवर बॅटिंगला यायचा, समोरची टीम आउटफिल्डरना हात करून मागे सरकवायची इतपत त्याचा दरारा होता.

मग तेरावं लागलं आणि मैदानच बदललं. इथे बारा वर्षांपर्यंत पिचरच्या (बॉल टाकणाऱ्याच्या) माउंडपासून प्लेटपर्यंत, म्हणजे बॅटर उभा राहतो तिथपर्यंत, ४६ फूट अंतर असतं आणि दोन बेसमध्ये, म्हणजे पळून गाठायच्या ठिकाणांमध्ये, ६० फूट. तेराव्या वर्षी एकदम ६० फूट ६ इंच आणि ९० फूट, म्हणजे टीव्हीवर जे लोक खेळतात त्यांचंच मैदान. त्यात आमच्या लीगमध्ये १३ ते १५ सगळे एकत्र. पहिल्याच गेमला समोर मिसरूड फुटलेला, माझ्यापेक्षा उंच पोरगा माउंडवर, आणि सोन्याचं हेल्मेट अजून कानाशी डुगडुगतंय.

आणखी दोन गोष्टी पुढे महत्त्वाच्या ठरणार आहेत.

एक, बॅट. मार्चमध्ये वाढदिवसाला बाबांनी ३२ इंची ड्रॉप थ्री घेतली. ड्रॉप म्हणजे लांबीच्या इंचांतून वजनाचे औंस वजा केले की जे उरतं ते, म्हणजे ही बॅट २९ औंसांची. गेल्या वर्षीची ३१ इंची ड्रॉप एट होती, २३ औंस. हायस्कूलला ड्रॉप थ्रीच लागते, तर आत्तापासून सवय होऊ दे असा बाबांचा हिशोब. ६ औंस म्हणजे १७० ग्रॅम, ऐकायला काहीच नाही, पण बॅट आडवी धरून टोक हवेत ठेवून बघा, मनगट लगेच सांगतं.

दोन, बाबा स्वतः. सांगलीकडचा माणूस, कॉलेजात टेनिस बॉलच्या टुर्नामेंटा गाजवलेला, माझा जुना मित्र. हा दर गेमला बॅकस्टॉपच्या, म्हणजे प्लेटमागच्या, जाळीमागे, अगदी अंपायरच्या पाठीशी उभा राहणार आणि मराठीतून सूचना देणार, कारण समोरच्या टीमला कळत नाही ना. "बॉल बघ! शेवटपर्यंत बघ! घाई नको!" हे आम्हाला सगळ्यांना फार भारी वाटायचं, आपली गुप्त भाषा वगैरे.

प्रॉब्लेम काय होता

पहिल्या सहा गेममध्ये सोन्या १७ वेळा प्लेटवर आला. २ वॉक (चार बॉल बाहेरचे पडले की फर्स्ट बेस फुकट), एकदा कोपराला बॉल बसून फर्स्ट बेस मिळाला, हे तिन्ही ॲव्हरेजमध्ये धरत नाहीत, तर उरले १४ ॲट-बॅट. हिट, म्हणजे मारून बेस गाठणं, एक. तीही बॅटच्या टोकाला लागून पिचर आणि थर्ड बेसमनच्या मधल्या चिखलात मेलेली ग्राउंडर. ॲव्हरेज, म्हणजे हिट भागिले ॲट-बॅट, .०७१. ज्यांना अंदाज नाही त्यांच्यासाठी, प्रोफेशनलमध्ये .३०० म्हणजे उत्तम आणि .२०० म्हणजे लाज वाटावी अशी रेघ, मारिओ मेंडोझा नावाच्या शॉर्टस्टॉपवरून (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधला फील्डर) तिला मेंडोझा लाइनच म्हणतात. सोन्या त्या रेघेच्या कितीतरी खाली होता.

पण मला खटकत होते ते स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर (चुकलेल्या किंवा सोडून दिलेल्या चांगल्या बॉलवर) आउट होणं. एकूण ९. स्कोअरबुकात स्ट्राइकआउटला इंग्रजी के लिहितात, बॅट फिरवून चुकला तर सरळ के आणि नुसता उभा राहून तिसरी स्ट्राइक जाऊ दिली तर उलटा के. सोन्याच्या ओळीत ९ पैकी ६ उलटे होते. सहाव्या गेमनंतर ते पान उघडलं तर आरशात बघून लिहिल्यासारखं दिसत होतं. जे तीन सरळ होते त्यातही बॅट पोचायच्या आत बॉल कॅचरच्या ग्लोव्हमध्ये.

आणि पोरगा गप्प झाला होता. आउट झाला की हेल्मेट न काढता डगआउटच्या शेवटच्या टोकाला जाऊन बसायचा, चेहरा दिसू नये म्हणून, हे सगळ्यांना कळत होतं. एप्रिलची थंडी, त्यात बॉल बॅटच्या चुकीच्या जागी लागला की तळहातापासून कोपरापर्यंत झिणझिण्या येतात, त्यामुळे लागलं तरी त्रास आणि नाही लागलं तरी.

काय काय पर्याय पुढे होते

सहाव्या गेमनंतर पार्किंग लॉटमध्ये गाड्यांच्या डिक्की उघड्या टाकून आमची सभा भरली. प्रत्येकाचं आपलं निदान.

बाबांचं म्हणणं, बॉल फास्ट झालाय, पोराला वेळच मिळत नाही, तर केजमध्ये (जाळीच्या पिंजऱ्यात) बॉल फेकणारं मशीन लावून रोज फास्ट बॉल खेळवायचे. एका पालकाने एक पेड कोच सुचवला, जो म्हणे स्विंग मुळापासून नवीन बसवतो. असिस्टंट कोचचं मत, थोडे दिवस बंट (बॅट न फिरवता बॉलला नुसती टेकवणं) करू दे, नाहीतर नुसता वॉकची वाट बघू दे, बेसवर गेला की बरं वाटेल. हेडकोचकडे वेगळाच पर्याय, शेवटच्या नंबरवर टाकायचा. आमच्या लीगमध्ये सगळ्यांनाच बॅटिंग मिळते, बसवता येत नाही, पण अकराव्या नंबरवर आलं की पोराला जे समजायचं ते समजतंच. आई म्हणाली त्याला दोन आठवडे कुणी काही सांगूच नका. खरं सांगायचं तर त्या दिवशी सगळ्यात शहाणं बोलणं तिचंच होतं, पण डिक्कीजवळच्या सभेत आईचं कोण ऐकतं.

मी इंजिनियर माणूस, घरी जाऊन गणित केलं. ४६ फुटांवरून ताशी साधारण ५५ मैल वेगाने येणारा बॉल, पिचर पुढे झेप घेऊन हात सोडतो ते चार-पाच फूट वजा केले, तर प्लेटवर यायला साधारण अर्धा सेकंद. आता ६० फुटांवरून ६५-७० मैलांचा बॉल, तेवढेच फूट वजा करून, अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्तच. म्हणजे दोन-चार थोराड पोरं सोडली तर सोन्याला वेळ कमी झालेलाच नव्हता! मग उशीर होत होता कुठे? एकतर बॅट जड झाली होती, नाहीतर तो निघतच उशिरा होता. माझ्या मते दोन्ही.

हे मी बाबाला दुसऱ्या दिवशी सांगितलं तर तो म्हणाला, "अरे मग बॉल नीट बघत नसेल." त्याच संध्याकाळी सोन्या माझ्या मुलाबरोबर आमच्या घरी पिझ्झा खात बसला होता. तो मला काका म्हणतो आणि अरेतुरे करतो, इथल्या पोरांचं असंच. मी सहज विचारलं, प्लेटवर उभा असताना डोक्यात काय चालू असतं रे? तर म्हणतो, "काका, बाबा म्हणतात बघ, म्हणून मी बघतो. मी बघतो बघतो बघतो, अँड देन इट्स गॉन. तू बाबांना सांग ना, बघितलं की जातो तो."

मी पिझ्झाचा तुकडा खाली ठेवला.

झालं काय होतं, तर बाबा त्याला क्रिकेट शिकवत होता. क्रिकेटमध्ये बॉल टप्पा पडून येतो, टप्प्यानंतर काय होतं ते बघूनच खेळायचं असतं, लेट खेळणाऱ्याचं आपण कौतुक करतो. इथे दर बॉल फुल टॉस. टप्पा नाही, थांबून बघण्यासारखं पुढे काही उरलेलंच नाही, आणि बॅटही रुंद फळी नाही, गोल दंडुका. बॉल हातातून सुटला की निर्णयाला मिळतो तो निम्म्या सेकंदाचाही निम्मा भाग, बाकीचा बॅट आणायलाच जातो. "घाई नको, शेवटपर्यंत बघ" हा सांगलीत सोन्यासारखा सल्ला इथे उलटा के होऊन पानावर उतरत होता.

काय केलं

हेडकोचला मी स्कोअरबुकाचं पान दाखवलं आणि पिझ्झावालं वाक्य सांगितलं. तो हसला आणि म्हणाला मग स्विंगला हात लावायचा नाही, फक्त सुरुवात लवकर करायची. पुढच्या प्रॅक्टिसला त्याने सोन्याला दोनच गोष्टी सांगितल्या. पिचरचे दोन हात एकमेकांपासून सुटले, म्हणजे बॉलवाला हात ग्लोव्हमधून बाहेर आला, की तुझा पुढचा पाय उचललेला पाहिजे, बॉल सुटायची वाट बघायची नाही. आणि प्रत्येक बॉल मारायचाच आहे असं धरून निघायचं, नको वाटला तर थांबायचं. आधी तो उलटं करत होता, नाही असं धरून उभा राहायचा आणि हो म्हणेपर्यंत बॉल गेलेला.

लवकर निघणं हे काही आमच्या कोचचं संशोधन नाही. टोरंटो ब्लू जेजचा होजे बाउतिस्ता हे गाजलेलं उदाहरण आहे, अनेक टीम फिरलेला, कुणी फार मनावर न घेतलेला बॅटर, २००९ च्या सीझनअखेरीला कोचांनी त्याला हालचाल आधी सुरू करायला लावली, त्या वर्षी १३ होमरन (आपल्या सिक्सरसारखे कुंपणापार फटके), त्यातले १० शेवटच्या महिन्याभरात, आणि २०१० मध्ये ५४. सोन्या काही बाउतिस्ता नाही, पण हेडकोचने त्याला बाउतिस्ताचा व्हिडिओ फोनवर दाखवला आणि पोराचे डोळे पहिल्यांदा जरा उघडले.

बॅट परत २३ औंसवाली काढली. बाबा इथे अडून बसला होता, पैशाचा प्रश्न होता आणि थोडा मानाचाही, पण शेवटी मानला.

आणि जाळीमागची जागा रिकामी करायची. हे मित्राला सांगणं सगळ्यात अवघड काम, ते मी केलं नाही, वहिनींनी केलं. पुढच्या गेमला बाबा आपली घडीची खुर्ची आणि चहाचा थर्मास घेऊन पार लेफ्ट फील्डच्या कुंपणाबाहेर जाऊन बसला. तिथून कितीही ओरडलं तरी ऐकू येत नाही.

मी माझ्यापुरती एक गोष्ट वाढवली. स्कोअरबुकाच्या समासात सोन्याचा प्रत्येक फाउल, म्हणजे बॅटला लागून रेघांबाहेर गेलेला बॉल, कुठे गेला ते बाणाने काढायला लागलो. उजव्या हाताचा बॅटर उशिरा पोचला की फाउल उजवीकडे जातो, फर्स्ट बेसच्या बाजूला, जिथे आमचे पालक बसतात. एप्रिलमध्ये सोन्या बॅटिंगला आला की तिथल्या आया कॉफीचे कप उचलून खुर्च्या मागे सरकवायच्या, ही टीममधली चेष्टाच होती. वेळेवर पोचला पण बॉलच्या किंचित खालून बॅट गेली तर फाउल सरळ मागे, बॅकस्टॉपवर. आणि लवकर पोचला तर डावीकडे.

मधला पेच

खरी केस इथे आहे. पुढच्या पाच गेममध्ये सोन्या १३ वेळा प्लेटवर आला, २ वॉक, ११ ॲट-बॅट, हिट पुन्हा एकच. .०९१. सीझनचं मिळून २५ मध्ये २, म्हणजे .०८०. सगळे घरी ॲपवर रोज हाच आकडा बघत होते आणि आकडा जागचा हलत नव्हता. लवकर निघायला लागल्यावर एका हळू कर्व्हबॉलवर (वळत खाली येणाऱ्या बॉलवर) पोरगा असा काही आधी फिरला की गुडघ्यावर बसला, समोरच्या डगआउटमधून हसले, ते आणखी वेगळंच.

बाबाचा मला रात्री अकराला फोन. "हे सगळं सोड, त्या पेड कोचला पैसे भरतो उद्या. तू आणि तुझा तो कोच, तुम्ही पोराला घाईघाईत बॅट फिरवायला लावताय, आधी निदान वॉक तरी मिळायचा."

मी म्हटलं थांब, उद्या सकाळी वही घेऊन येतो. सकाळी त्यांच्या किचनच्या टेबलावर दोन पानं शेजारी ठेवली. स्ट्राइकआउट आधी १७ पैकी ९, आता १३ पैकी ३, उलटा के फक्त एक. बॅटला लागून खेळात गेलेले बॉल आधी १४ पैकी ५, आता ११ पैकी ८. त्या आठातले दोन कडक लाइनड्राइव्ह (टप्पा न पडता सरळ सपाट जाणारे फटके) होते, एक शॉर्टस्टॉपने छातीवर घेतला, खरंतर त्याने घेतला नाही, बॉल त्याच्या ग्लोव्हमध्ये घुसला, आणि एक सेंटर फील्डरच्या थेट हातात. वॉक जेवढ्यास तेवढे, आणि तेही सहा गेम-पाच गेमच्या हिशोबाने बघितलं तर कमी नाहीत. आणि समासातले बाण. पहिल्या दिवशी सगळे उजवीकडे. तिसऱ्या गेमपासून बहुतेक सरळ मागे.

बाबा बराच वेळ बाणांकडे बघत होता. मग म्हणाला, "म्हणजे एज लागतेय, मिडल व्हायची बाकी आहे." अगदी तेच. क्रिकेटच्या भाषेत गेल्यावर त्याला एका मिनिटात पटलं, आधी महिनाभर मीच का नाही असं बोललो कुणास ठाऊक.

तरी निर्णय सोपा नव्हता. एवढ्याशा आकड्यांवर काहीही सिद्ध होत नाही हे मलाही माहीत होतं, समोरचे पिचर त्या पाच गेममध्ये जरा हलके असतीलही. आणि बॉल कडक लागूनही हातात जाणं हे किती दिवस चालेल याची खात्री कोण देणार? बाल्टिमोरच्या क्रिस डेव्हिसने, ज्याने एका सीझनला ५३ होमरन मारले होते, २०१८-१९ मध्ये सलग ५४ ॲट-बॅट एकही हिट न मिळता काढले. तो काही पोरसवदा नव्हता. तर आमचं ठरलं ते एवढंच, अजून तीन गेम काहीही बदलायचं नाही, पेड कोच नाही, नवा स्टान्स नाही, यूट्यूब नाही, आणि ॲपवरचं ॲव्हरेज सोन्यासमोर उघडायचं नाही. तीन गेमनंतर बाणांची दिशा परत फिरली तर पैसे भरायचे.

हेडकोचने स्वतःहून त्याला अकरावरून सातवर आणला. न सांगता, नुसतं लाइनअपच्या कागदावर. सोन्याने कागद बघितला, परत बघितला, आणि हेल्मेट शोधायला लागला, अजून आपली पाळी बरीच लांब असताना.

शेवटी काय झालं

शेवटच्या पाच गेममध्ये १४ वेळा प्लेटवर, २ वॉक, १२ ॲट-बॅट, ४ हिट, २ स्ट्राइकआउट. .३३३. चारातली एक हिट अशीच, बॅटच्या मुठीजवळ लागून सेकंड बेसमनच्या डोक्यावरून टपकलेली, म्हणजे शॉर्टस्टॉपने घेतलेल्याची नशिबाने केलेली परतफेड. एक मात्र खणखणीत होती. टू-टूचा काउंट, म्हणजे दोन बॉल बाहेरचे आणि दोन स्ट्राइक, त्याआधी दोन फाउल सरळ मागे जाळीवर, मी दोन उभे बाण काढले आणि तिसरा काढायला पेन टेकवलं तेवढ्यात आवाज आला, वर बघेपर्यंत बॉल लेफ्ट-सेंटरच्या गवतातून कुंपणाकडे पळत होता आणि सोन्या फर्स्ट वळून सेकंडकडे. डबल, एका फटक्यात दोन बेस. माझ्या वहीत त्या जागी अजून अर्धवट ओढलेला बाण आहे.

सगळ्या सीझनचं मिळून ३७ मध्ये ६, .१६२. मेंडोझा लाइनच्या खालीच. समर ट्रॅव्हल टीमच्या (बाहेरगावी खेळणाऱ्या निवडक टीमच्या) ट्रायआउटला, म्हणजे निवड चाचणीला, गेला, घेतला नाही, त्यांनी आकडे बघितले असणार आणि त्यांच्या जागी मीही कदाचित तेच केलं असतं. हे लपवण्यात अर्थ नाही. पोरगा सुधारला का, तर सुधारत होता, तेवढ्यात जून संपला.

परत करायचं झालं तर

फाउलचे बाण पहिल्या गेमपासून काढले असते. मी महिनाभर के मोजत बसलो, त्यातून दुखणं कळलं पण कारण नाही. कारण समासात होतं.

बॅट आणि टायमिंग एकाच आठवड्यात बदललं ही दुसरी चूक. आता कुणी विचारलं की नेमकं कशाने फरक पडला तर मला उत्तर देता येत नाही, आणि हे नुसतं तात्त्विक नाही, कारण पुढच्या वर्षी शाळेच्या टीमला ड्रॉप थ्री लागलीच तर सगळा घोळ परत सुरू होऊ शकतो. आधी बॅट बदलून तीन गेम बघायला हवं होतं.

कोपराला लागलेल्या बॉलबद्दल तर आम्ही कुणीच काही बोललो नाही. जूनमध्ये त्याने स्वतःच सांगितलं की त्यानंतर दोन आठवडे आतला बॉल आला की डोळे मिटायचे. ३१ वेळा पॅड लावलं का विचारणारे आम्ही पाच मोठे लोक, भीती वाटते का हे एकानेही विचारलं नाही. उलट्या के मधले निदान एक-दोन त्या खात्यात जात असतील.

आणि बाबाला लेफ्ट फील्डला पाठवणं बरोबर होतं, पण ते ज्या पद्धतीने झालं, बायकोकडून, चारचौघांत, गाडीजवळ, ते मित्र म्हणून मला आजही बरोबर वाटत नाही. त्याला आधीच वहीसमोर बसवून क्रिकेटच्या भाषेत सांगितलं असतं तर तो आपणहून खुर्ची उचलून गेला असता.

शाळेच्या ट्रायआउट मार्चमध्ये आहेत. २९ औंसवाली बॅट गॅरेजमधून बाहेर आली आहे, थँक्सगिव्हिंगपासून (नोव्हेंबरअखेरपासून) सोन्या रोज टीवर, म्हणजे बॉल ठेवायच्या उभ्या दांड्यावर, वीस स्विंग तिने मारतो आणि वीस जुनीने. बाबा शेजारी स्टुलावर बसून बॉल उचलून टीवर ठेवतो. परवा मी गेलो होतो तेव्हा त्याच्या मांडीवर एक वही होती, समासात बाण काढलेले, माझ्यापेक्षा नीटनेटके.